मोशीच्या पुलाजवळचा गुरुवार

सिन्नर सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. अजिंठ्याहून आम्ही दोघं आमच्या आकुर्डीच्या दोन खोल्यांकडे परतत होतो. स्कूटरवर मागे बसलं की थोड्या वेळात मला गुंगी चढायची. ती झोप नव्हती, पण जागेपणही नव्हतं. संगमनेरचा ऊस, चंदनापुरीचा घाट, नारायणगावचे मळे डोळ्यांसमोरून सरकत होते आणि मधूनच लेण्यांमधले ते चेहरे दिसत होते. अंधाराला डोळे सरावले की भिंतीतून हळूहळू बाहेर येतात तसे. सासूबाईंनी बुद्धाला वाहायला फुलं दिली होती, ती वाटेतच सुकली. ह्यांनी तशीच, सुकलेलीच वाहिली आणि किती तरी वेळ हात जोडून उभे राहिले. आपल्या नवऱ्याला एवढा वेळ एका जागी स्वस्थ उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तसं पाहायला मिळायचं कुठून? हे भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि मी शाळेत शिकवत होते. पाळी दर आठवड्याला फिरायची. रात्रपाळीहून हे घरी यायचे तेव्हा मी डबा भरत असायचे. मी उठले की त्याच गादीवर हे पडायचे. आमची गादी म्हणून कधी थंड व्हायचीच नाही. संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की ह्यांची निघायची वेळ. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि बोलणं म्हणाल तर, "रॉकेल संपलंय" आणि "मीठ जास्त झालंय". मे महिन्याच्या सुट्टीत, बरीच वर्षं नंबर लावून मिळालेली स्कूटर घेऊन निघालो, तेव्हा कुठे कळलं की हा माणूस बोलतो. लहानपणी पाहिलेल्या पुरापासून ते म्हातारपणी कुठे जाऊन राहायचं तिथपर्यंत, पाठमोरा बसून, वाऱ्यावर अर्धं उडवत, अखंड बोलतो. आता घर जवळ येत होतं. उंबरा ओलांडला की हा माणूस पुन्हा पाळीच्या ताब्यात जाणार होता.

आदल्या दिवशीची एक गंमत सांगायला हवी. सिन्नरच्या धर्मशाळेत आम्ही भर दुपारी पोचलो आणि उन्हाने जे पडलो ते गाढ झोपलो. जाग आली तर हे मंजन लावून तयार, वळकटी स्कूटरला बांधलेली. "ऊठ ऊठ, उन्हाच्या आत निघू." मी बाहेर येऊन पाहिलं तर गुरं धूळ उडवत गावाकडे परतत होती. म्हटलं, "अहो, संध्याकाळ आहे." हे तोंडात मंजन तसंच धरून आकाशाकडे बघत राहिले. रात्रपाळीच्या माणसाला झोपून उठलं की नवा दिवस, मग सूर्य कुठल्या का बाजूला असेना. खूप हसलो आम्ही. वळकटी सोडली, जेवलो, परत झोपलो. पण ह्यांच्या डोक्यात जो एक दिवस पुढे सरकला होता तो काही मागे आला नाही.

कारण सकाळी हे म्हणाले, "आज शुक्रवार. कुठेतरी एक दिवस जास्त राहिलो आपण. दुपारची दुसरी पाळी गाठली पाहिजे." वारांचं खातं ह्यांच्याकडे. सुट्टीतल्या मास्तरणीला सगळे वार सारखेच. नारायणगावला उसाचा रस प्यायला थांबू म्हटलं, तर नाही म्हणाले. बोलणंही थांबलं. मला वाटलं, संपलं. घर यायच्या आधीच पाळी सुरू झाली.

चाकणला कांद्याच्या गाड्या होत्या तेवढीच काय ती वर्दळ. पुढे रस्ता मोकळा. त्या वेळेला भोसरीकडे जाणाऱ्या सायकलींची रांग लागलेली असायची, डबे कॅरियरला, पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. एकही सायकल नव्हती. लांबचा भोंगाही नाही. मोशीचा पूल यायच्या आधी ह्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि एका बाभळीखाली उभी केली.

"टाळं लागलं," हे म्हणाले.

आम्ही निघालो तेव्हा कारखान्याच्या गेटवर रोज सभा होत होत्या. आज ना उद्या टाळेबंदी होणार असं सगळे म्हणत. ह्यांचा चेहरा उतरला होता. गावाकडे आईवडील होते, धाकट्या भावाचं कॉलेज होतं. मला ते सगळं माहीत होतं. तरी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"लागलं असेल तर बरं झालं."

"काय म्हणालीस?"

"बरं झालं म्हणाले. माझा पगार आहे. अर्धी भाकरी खाऊ. पण तुम्ही घरी असाल. मला हे आत्ताचे तुम्ही हवेत, झोपलेले नकोत."

बोलून गेले खरी. हे माझ्याकडे बघत होते, पण रागावलेत की काय, काही कळेना. खाली इंद्रायणीचं पाणी उन्हात लख्ख दिसत होतं. तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी बैल घेऊन नदीवरून वर आले. ह्यांनी त्यांना विचारलं, "बाबा, कंपन्या बंद का हो?"

"बंद न्हाई तर काय. आज बेस्तरवार हाय. सुट्टी न्हाई का तुमची?"

आमच्या भागातल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. हे बोटांवर वार मोजू लागले, मग एकदम हसायला लागले आणि बाभळीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसले. मी हसल्यासारखं केलं. कारखाना चालू होता आणि मी जे बोलून बसले होते ते तिथेच पडून राहिलं होतं.

घरी पोचलो, कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. कोंडलेल्या खोलीला उन्हाचा वास येत होता. "आजचा अख्खा दिवस आपला," हे म्हणाले. "आंघोळ करतो, मग नदीवर जाऊ." कॉटवर बसून एक बूट काढला, दुसऱ्याच्या नाडीला हात घातला आणि तसेच आडवे झाले. मी चहा घेऊन आले तर घोरणं सुरू.

असा राग आला. फुकटात हाती आलेला दिवस, तोही झोपेनेच नेला. चहाचे दोन्ही कप मीच प्यायले, मुद्दाम बशी आपटून. ढिम्म नाही. शेवटी दुसरा बूट काढायला वाकले, तेव्हा दिसलं की ह्यांचा डावा हात गादीवर हलतोय. मूठ आवळायची, मनगट फिरायचं, मूठ सुटायची. हे झोपेत स्कूटरचे गिअर बदलत होते.

भर दुपारी, दार लोटून, मी ह्यांच्या पाठीमागे आडवी झाले आणि शर्ट मुठीत धरला.

"नीट धर," हे झोपेतच म्हणाले. "लांब जायचंय अजून."

"धरलंय," मी म्हटलं.