हसण्यातला तेरावा महिना

दीनाबाई थळकर यांची आणि माझी पहिली भेट पोह्यांच्या एका पिशवीवरून झाली. नोकरीच्या व्हिसावर नागपूरहून येऊन मी लंडनच्या पिनर भागात नुकतीच राहायला लागले होते. स्टॅनमोरच्या एका वाण्याच्या दुकानात पोह्यांची शेवटची पिशवी मी उचलली, तोच मागून अलिबागकडच्या सुरात आवाज आला, “बाई, तू ते फोडणीला घालणार. मला मलिदा करायचाय. देवाचं आहे, सोड ती पिशवी.”

मी सोडली. वळून पाहिले तर सुती साडीवर रेनकोट, पांढरे आखूड केस आणि गळ्यात सहा कोनांची बारीक चांदणी. कोकणातली ज्यू मंडळी, म्हणजे बेने इस्राएल, नारळ, साखर आणि फळे घालून पोह्यांचा मलिदा करतात व एलियाहू नबींच्या नावाने वाटतात, हे मला त्याच संध्याकाळी कळले. कारण दीनाबाई मला पोह्यांसकट घरी घेऊन गेल्या. चहा होईपर्यंत त्यांनी माझी जन्मतारीख विचारली, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून बोट फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, “डिसेंबरची अखेर. म्हणजे तेवेत महिना, दानाचं कूळ. तुझ्या महिन्याचं काम राग आवरणं.” हे ऐकून बरोबर आलेले माझे यजमान इतके हसले की मला तिथेच राग आला.

गौरवअंकासाठी लिहायला सांगताना संपादकांनी “जरा आवरून लिहा” अशी प्रेमळ सूचना केली आहे. पण दीनाबाई पंच्याहत्तर वर्षांच्या होणार, हा आनंद मावत नाही, त्याला मी काय करू?

दीनाबाईंचे काम वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. हिब्रू महिने आपल्यासारखेच चंद्राचे. नवा चंद्र दिसला की स्टॅनमोरच्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही मराठी मंडळातली माणसे जमतो. इस्राएलची बारा कुळे आणि वर्षाचे बारा महिने यांची जोडी लावण्याची एक जुनी परंपरा आहे. प्रत्येक महिन्याला एक कूळ आणि माणसाची एक शक्ती किंवा वृत्ती: निसानला यहूदा आणि वाणी, सिवानला दर्यावर्दी जबुलून आणि चालणे, शेवातला आशेर आणि खाणे, अदारला हरिणासारखा चपळ नफताली आणि हसणे. आशेरचा महिना आला की दीनाबाईंचा आवाज चढतोच. आशेरच्या वाट्याला तेल आले, असे धर्मग्रंथ सांगतात आणि दीनाबाईंचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या वारी, घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. ही जोडी त्यांनी पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि दर वर्षी येतो.

हे ज्योतिष नव्हे, याबद्दल दीनाबाई फार कडक आहेत. एका गृहस्थांनी यहूदाच्या महिन्यात घर घ्यावे का, असे विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की घराचे यहूदाला विचारू नये, सर्व्हेअरला विचारावे. महिना आपल्याला काय देईल हे विचारायचे नसते, त्या महिन्यात आपल्यात काय दुरुस्त करायचे हे विचारायचे असते, असे त्या म्हणतात. कुळांचा क्रम सगळे जाणकार सारखा लावत नाहीत, हेही त्या लपवत नाहीत. “क्रम गोधडीला लागतो, देवाला नाही,” हे त्यांचे उत्तर. गोधडी कुठली, ते पुढे सांगतेच.

माझ्या दानाचेच पाहा. रागावर त्यांनी मला प्रवचन दिले नाही, काम दिले. इजिप्तमधून सुटून रानातून चालताना दानाचे कूळ सगळ्यांच्या शेवटी असे आणि पुढच्यांचे जे पडेल ते उचलून ज्याचे त्याला परत देई, अशी कथा आहे. म्हणून बैठक संपली की विसरलेले मफलर, डबे, चष्मे गोळा करून घरोघर पोचवणे माझ्याकडे आले. दुसऱ्याचा डबा हातात घेऊन त्याच्या दारात उभे राहिल्यावर त्याच्याशी भांडता येत नाही. आमच्या मंडळातली निम्मी भांडणे अशी मिटली.

आता गोधडीविषयी. बारा महिन्यांचे बारा चौकोन, प्रत्येकावर त्या कुळाची खूण, आणि कापड ज्याने त्याने घरून आणलेले, असा दीनाबाईंचा संकल्प होता. जबुलूनचे जहाज एका जुन्या पैठणीच्या पदरातून निघाले, नफतालीचे हरीण कुणाच्या तरी शाळेच्या ब्लेझरमधून. अस्तराला पुरेसे लांब कापड मिळेना, तेव्हा दीनाबाईंनी कपाटातून स्वतःच्या लग्नातली पांढरी साडी काढून दिली. आम्ही नको नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, कपाटात तिला कोण बघतंय.

गोधडी पुरी झाली, चारी बाजूंनी काठ शिवून झाला, आणि त्याच हिवाळ्यात माझी नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला. मोजक्या दिवसांत दुसरी कंपनी मिळाली नाही तर चंबूगबाळे आवरून परत जायचे होते. माझी लेक इरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे सगळे जग पिनरमध्ये होते आणि तिला काय सांगावे, हे मला सुचत नव्हते.

तशात एका बैठकीला इरा दीनाबाईंच्या भिंतीवरचे कॅलेंडर न्याहाळत होती. “दीनाआजी, इथे अदार दोनदा आहे. मिस्टेक आहे का?”

आम्ही सगळे कॅलेंडरजवळ गेलो. चूक कॅलेंडरची नव्हती, आमची होती. ते वर्ष अधिक महिन्याचे होते. अधिक मासात जावयाला अनारसे देणारी आम्ही एवढी माणसे, आणि खुद्द दीनाबाई. पण गोधडीत तेराव्या महिन्याला जागा ठेवायचे एकालाही सुचले नव्हते! माझ्या तोंडून कडवटपणे निघून गेले, “घ्या. दुष्काळात तेरावा महिना.”

दीनाबाई मात्र एकदम खुलल्या. “तुमचा दुष्काळात येतो. आमचा कुठे आलाय बघ. अदारात. हसण्यात तेरावा महिना!” आणि त्यांनी कात्री मागवली. शिवलेला काठ उसवताना त्यांनी सांगितले की हा जादा महिना काही जाणकार लेवीच्या कुळाला देतात. जमिनीची वाटणी झाली तेव्हा लेवीला स्वतःचा प्रांत मिळाला नाही. राहायला इतरांच्या प्रांतांतली गावे मिळाली, आणि वाट्याला आली सेवा. हे सांगून त्यांनी कोरा चौकोन माझ्या मांडीवर ठेवला.

मी चिडले. दानाचेच कूळ ते. म्हणाले, मावशी, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या, चौकोन पुरा होईपर्यंत मी या देशात असेन की नाही ठाऊक नाही.

“म्हणूनच तुला देतेय,” दीनाबाई म्हणाल्या. “ज्याला जमीन मिळाली नाही, त्याला महिना मिळाला. क्रॉयडनला व्हिसाच्या रांगेत माझ्याही चपला झिजल्यात गं. तू टाके घाल. पुढचं पुढे.”

नुसते बोलून त्या थांबल्या नाहीत. नेमकी क्रॉयडनलाच एका कंपनीत माझी मुलाखत ठरली, तेव्हा गुडघे दुखत असताना त्या स्टॅनमोरहून सगळे लंडन ओलांडून माझ्याबरोबर आल्या. ट्रेनमध्ये त्या मला सुईत दोरा ओवून देत राहिल्या. मी आत होते तेवढा वेळ समोरच्या कॅफेत त्या माझा चौकोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाहेर आल्यावर पाहिले, तर त्यांनी स्वतः एकही टाका घातला नव्हता. तो मीच घालायचा होता.

दुसऱ्या अदारात नोकरी मिळाल्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होते आणि रडत होते. इरा विचारत होती, “आई, आपण राहणार? फॉर रिअल?” गोधडी मंडळाच्या हॉलमध्ये लागली ती तेरा चौकोनांची. शेवटचा थोडा तिरका आहे. तो माझा.

यंदा दीनाबाईंच्या पंच्याहत्तरीच्या वर्षात पुन्हा दोन अदार आले आहेत! त्यानिमित्त परवा आम्ही गोधडी झटकायला उतरवली. इरा आता मोठी झाली आहे, प्रश्न मात्र तसेच विचारते. ज्या बारा भावांवरून ही कुळे पडली, त्यांना दीना नावाची एक बहीण होती, हे तिने कुठेतरी वाचले होते. “सगळ्यांचे चौकोन आहेत. दीनाआजी, तुझा कुठे आहे?”

दीनाबाई हसल्या. म्हणाल्या, दीनेच्या नावाचं कूळच नाही गं, मग महिना कुठला? म्हणून तर मी बाराही घरांत लुडबुड करते.

इराला ते पटले नाही. तिने गोधडीचे टोक धरले आणि सगळी गोधडी उलटी केली. मागे काठापासून काठापर्यंत ती पांढरी साडी होती, आणि आमच्या तेराही चौकोनांचा प्रत्येक टाका तिच्यातून आरपार गेलेला होता.

“हा काय,” इरा म्हणाली.

दीनाबाईंनी साडीवरून हात फिरवला आणि मग चष्मा शोधू लागल्या. तो मीच उचलून त्यांच्या हातात दिला.

दीनाबाई, आमच्याकडे मोठ्यांसाठी शंभर वर्षे मागतात. तुमच्याकडे मोशेइतकी, एकशेवीस मागतात. आम्ही तुमचाच हिशेब धरतो: निरोगी गुडघ्यांची, मलिद्याची, आम्हाला रागावण्याची एकशेवीस वर्षे. आणि मधले सगळे तेरावे महिने त्यात धरायचे नाहीत. ते वर.