तेलाने निथळणाऱ्या वेण्या

आज आठवीच्या वर्गात शिरले, तर खोबरेल तेलाचा वास घमघमत होता. सगळ्या मुलींच्या वेण्या तेलाने निथळत होत्या. मुलगे जिला रोज ‘तेलकट’ म्हणून चिडवतात, ती सुमन अजून यायची होती. मास्तरकीत मुरलेली माझी नजर बारीक झाली. ही तिची नवी टिंगल दिसते!

“काय गं, हे काय नाटक?”

“काही नाही, बाई.”

सुमन दारातच थबकली. पहिल्या बाकावरची मुलगी सरकून म्हणाली, “बस इथे. आता कुणाकुणाला तेलकट म्हणतील?”

सुमनने तिच्या वेणीला हात लावला आणि हसली. “अगं, एवढं नाही लावायचं!”

मी फळ्याकडे वळले. वर्षभर ते चिडवणं ऐकून मी ‘पोरंच ती’ म्हणत आले. संशय मला आजच आला, तोही ह्या मुलींचाच.