घाटात मागे कोण बसलं होतं

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. पोरं एका पिंपळाला घाबरायची, तर मी आठवडाभर वर्गच त्या पिंपळाखाली भरवला होता. इथले अनुभव वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात हसते. तुम्हीही मला हसा, हरकत नाही. पण मी हे गंमत म्हणून लिहीत नाहीये... याच्यापायी माझा सख्खा भाऊ जिवंतपणीच मला पारखा झाला.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवा जिल्हा, नवी ऑफिसं, नव्या जागा. आम्ही मुखेडवाले नांदेडातच राहिलो, पण शिक्षकांच्या जागा तिकडे निघाल्या म्हणून मी अर्ज टाकला. इंटरव्ह्यूचा कॉल हातात पडला तेव्हा मध्ये एकच दिवस उरला होता. आणि त्याच दिवशी एसटी बंद. तेव्हा कशा ना कशावरून रास्ता रोको चालूच असायचा.

अण्णा, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "शके, सायकलवर नेतो. उजाडायच्या आत निघू. दिवस मावळायला लातूरला मावशीच्या दारात."

"डबल सीट? मधी घाट हायत, अण्णा."

"दोन घागरी लावून रोज जाऊन राहिलो की मी. तू काय घागरीपरीस जड हाईस?"

सलग दुसरं वर्ष दुष्काळाचं होतं. गावातल्या विहिरींना तळ दिसत होता. अण्णा लांबच्या मळ्यातून सायकलला घागरी बांधून पाणी आणायचा. त्याच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

त्या पाण्याचीच एक गोष्ट आधी सांगावी लागेल. लग्नानंतर अण्णानं चूल वेगळी केली. आई आणि मी एका खोलीत, तो आणि वैनी दुसरीत. पाण्याचा रांजण वैनीच्या खोलीत. आईला तांब्याभर पाणी हवं असलं तरी सुनेला मागावं लागायचं. एकदा वैनी "न्हाई" म्हणाली. अण्णा तिथंच जेवत बसला होता. त्यानं ताटावरून मान वर केली नाही. त्या दिवसापासून आईनं त्या खोलीत पाणी मागितलं नाही. माझ्या वाटचं प्यायची.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आई गेली. अण्णा पाण्याला गेला होता, वैनी माहेरी. खोलीत आम्ही दोघीच. आई शुद्धीवर होती. म्हणाली, "शके, त्यो आला तर त्याच्या हातचं पानी मला घालू देऊ नको. मागून मिळालं न्हाई ते, आता कशाला." त्यानंतर बोलली नाही.

अण्णा आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि घागरीतलं पाणी तिच्या तोंडात घातलं. ते ओठांवरून ओघळून गेलं. "काय म्हणली का ग?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "तुझीच वाट बघत होती. तुझ्या हातचं पाणी पाहिजे म्हणत होती."

याचा मला आजही पश्चात्ताप नाही. गेलेल्याला काय कळतंय, मागे राहिलेल्याला जगायचं असतं... असं मला वाटलं. आणि अण्णा खरंच त्या एका वाक्यावर जगला. पारावर सांगायचा, सासरहून आलेल्या थोरल्या बहिणीला सांगायचा, तिच्या नवऱ्याला सांगायचा — आईला शेवटी माझ्या हातचं पाणी पाहिजे होतं.

तर त्या पहाटे आम्ही निघालो. पुण्या-नाशिकची मंडळी आमच्या बालाघाटाला घाट म्हणणार नाहीत. डबल सीट सायकल मारून बघा म्हणावं, मग बोला. जांबपर्यंत गारवा होता. पुढे ऊन चढलं आणि चढही. प्रत्येक चढाला मी उतरायची, अण्णा हँडल धरून सायकल ढकलायचा, उतार आला की परत बसायची. शिरूरला हॉटेलवाल्यानं आधीच बजावलं, "च्या घ्या, भजे घ्या, पानी मागू नका." आम्ही चहा घेतला. अण्णा खुशीत होता. म्हणाला, "तू मास्तरीण झालीस की मी लातूरला येऊन खुर्चीत बसून च्या पिनार."

चाकूरच्या अलीकडे एक लांबलचक चढ होता. सडक तीन-चार वळणं घेत वर जायची आणि मधून एक पायवाट सरळ वर चढायची. अण्णा म्हणाला, "तू पायवाटेनं व्हय वर. मी आलोच सडकेनं." मी पदर डोक्यावर घेतला आणि निघाले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

मी आधी वर पोचले. एका बाभळीखाली बसून खालची वळणं बघत होते. अण्णा दिसला. ढकलत नव्हता... सायकलवर होता, पायडलवर उभा राहून जोर लावत होता. सायकल डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती, मागे ओझं असलं की खाते तशी. कॅरिअर रिकामं होतं. मी नीट बघितलं, ऊन लख्ख होतं. अण्णा मान मागे वळवून काहीतरी बोलत होता. मला वाटलं, गाणं म्हणतोय. मग तो बोलायचा थांबला. उरलेला चढ त्यानं मान खाली घालून काढला.

शेवटच्या वळणावरून तो वर आला आणि समोर मी उभी. त्यानं ब्रेक दाबला. माझ्याकडे बघितलं, मागे कॅरिअरकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"कवा उतरलीस?"

"मी बसलेच कुठं? पायवाटेनं आले. कवाची इथं बसून राहिले."

"पहिल्या वळणाला आलीस की मागून पळत. पाय दुखून राहिले म्हणलीस अन् बसलीस."

मी हसले. वाटलं, उन्हानं थट्टा सुचतेय याला. तो हसला नाही.

"मंग आईचं म्हणलीस ते?"

"काय म्हणले?"

त्यानं ते बोलून दाखवलं. त्याच्या हातचं पानी मला घालू देऊ नको. मागून मिळालं न्हाई ते, आता कशाला. शब्दाला शब्द.

"खरं हाय का? हाव का न्हाई, येवढंच सांग."

उद्याच्या इंटरव्ह्यूची सगळी उत्तरं पाठ होती माझी. या प्रश्नाला नुसतं "न्हाई" म्हणायचं होतं. मी खाली बघत राहिले आणि त्याला उत्तर मिळालं.

"बस," म्हणाला. पुढे चाकूर गेलं, लातूर आलं. मावशीच्या दारात मला उतरवलं. मी आतून तांब्या आणला तर त्यानं सायकल वळवली होती. पाणी न पिता तसाच परत गेला तो.

नोकरी लागली. दिवाळीला घरी गेले तेव्हा त्याला एकटं गाठून सांगितलं, "अण्णा, शपथ घेते, मागे मी नव्हते."

तो घागरीला दोर बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "खोलीत तू आन् ती. ती तर गेली. मंग तू न्हाईस तर कोण सांगनार मला? सांगायचं व्हतं तर घरी सांगायचं. घाटात, मी तुला वढून नेत असताना का सांगितलंस?"

मी बोलले नाही म्हणावं तर कोण बोललं ते सांगता येईना. आई तसं म्हणाली नव्हती म्हणावं, तर ती वेळ घाटातच निघून गेली होती. भाऊबीजेला तो शेतात निघून गेला. माझ्या लग्नात अक्षता टाकल्या आणि जेवायला थांबला नाही. पुढे तेही बंद झालं. काही वर्षांपूर्वी तो गेला. मला कळवलं ते माती झाल्यावर.

माझा मुलगा डॉक्टर आहे. तो म्हणतो, ऊन, तहान, पोटात अन्न नाही, मनात आईची टोचणी... असे भास होतात. मी मान डोलावते. टोचणी असेलही. पण ते शब्द? ते ऐकणारी मी एकटी होते, आणि मी ते तोवर कुणाला सांगितले नव्हते, पुढे नवऱ्यालासुद्धा नाही. माझ्याखेरीज ते ठाऊक असणारी एकच होती, ती बोलणारी. याच्यापुढे माझं विज्ञान चालत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर द्या.

भीती मला तेव्हाही फारशी वाटली नाही, आता तर मुळीच नाही. राग येतो. आईला लेकाशी बोलायचं होतं तर खुशाल बोलायचं, तिचाच लेक होता. माझा आवाज कशाला घेतला? स्वतःच्या आवाजात बोलली असती तर अण्णा घाबरला असता, चार दिवस तापानं फणफणला असता... पण माझ्याशी बोलला असता.