कुंकू लावलेली डीव्हीडी

आमचा आदिनाथ म्हणजे भोकरदनच्या बाजारातला सगळ्यात तिरसट माणूस. पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा, आता त्याच दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. आलेल्या माणसाला दोन शब्द सुनावल्याशिवाय त्याचा हात चालत नाही. तरी लोक त्याच्याकडेच जातात, कारण काम पक्कं.

त्या सोमवारी सकाळी मी तिथे चहा पीत बसलो होतो. हसनाबादच्या साळूबाई पदराखाली डीव्हीडी घेऊन आल्या. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या आकांक्षाच्या लग्नाचं शूटिंग आदिनाथनेच केलेलं. आता जावई अंबडच्या कोर्टात म्हणत होता, लग्न झालंच नाही. फोटोंचा अल्बम सासरीच राहिलेला, भटजी वारलेले. उद्याच तारीख होती. ही एकुलती एक डीव्हीडी कोर्टात द्यायच्या आधी वकिलाला तिची पेनड्राइव्हवर कॉपी हवी होती.

कॉपी बेचाळीस टक्क्यांवर थांबली आणि आतून करकर सुरू झाली. आदिनाथने डीव्हीडी काढून उजेडात धरली. चकचकीत बाजूवर लाल-पिवळे डाग होते.

"मावशी, हे काय हाये?"

"दर दसऱ्याला पूजते ना मी. पोरीचं लगीन हाये त्यात."

"अन् कुंकू याच बाजूला? मशीन जिथून वाचतं, बराबर तिथंच! आपल्या हातानं पुराव्याची वाट लावली तुम्ही."

साळूबाईंचा चेहरा उतरला. मला आदिनाथचा इतका राग आला, की चहा तसाच ठेवून उठणार होतो.

पण तो कामाला लागला. ओल्या मऊ फडक्याने मधून कडेकडे, सरळ पुसत गेला. गोल पुसलं तर ओरखडे जास्त नडतात म्हणे. पुन्हा घातली, तर अठ्ठावन्नवर अडकली. मग त्याने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला, वाचायचा वेग कमी केला आणि खराब तुकडा सोडून पुढे जाणारं सॉफ्टवेअर लावलं. डागांच्या जागी दहा मिनिटांत एक टक्का. लाइट गेली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. साळूबाईंना स्क्रीनवरचं कळत नव्हतं. त्या आदिनाथच्या तोंडाकडे बघत होत्या.

संध्याकाळी कॉपी पूर्ण झाली. चित्र अधूनमधून फुटत होतं, पण हार घालतानाचा भाग स्वच्छ होता. आकांक्षा लाजून हसत होती. आणि नवरदेवाच्या तोंडावर भलामोठा लाल गुलाब गरगरत होता. मंगळसूत्राच्या वेळीही तोच गुलाब, आणि बाकी जिथे तो दिसायचा तिथलं चित्र फुटलेलं. गुलाब म्हणजे त्या काळी आदिनाथने एडिटिंगमध्ये हौसेने टाकलेली सजावट. मूळ शूटिंग त्याने कधीच पुसून टाकलं होतं.

"जावई कुठं हाये?" साळूबाईंनी विचारलं.

आदिनाथने व्हिडिओ थांबवला. त्याला असं खाली मान घालून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"झाकला मीच त्याला," तो म्हणाला. "मावशी, उद्या पहिल्या गाडीनं मी येतो संगं. त्या फुलाखाली कुणाचं तोंड होतं, ते कोर्टात मीच सांगतो."