एका कोयत्यामागे दोन अंगठे

काल चुलतीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो, तेव्हा टेबलावरच्या शाईच्या पॅडचा वास आला आणि माजलगावजवळचा एक उसाचा फड आठवला. मी तेव्हा कॉलेजात होतो. ऊसतोड कामगारांना संघटना बांधायचा हक्क कायद्याने मिळावा, संघटनेत गेला म्हणून मुकादमाने कुणाला टोळीतून काढू नये, असं निवेदन आमदारांना द्यायचं होतं. ते लिहायला काकांनी मला बोलावलं होतं. दुपारच्या उन्हात, वाळल्या पाचटावर बसून सगळ्यांनी ते ऐकलं. फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं मोजतात, म्हणून मीही कोयत्यामागे एक ओळ आखली आणि पुरुष अंगठे उठवू लागले. मोळी बांधता बांधता चुलतीने विचारलं, "लेकरा, कायदा झाला तर संघटनेत मी हाय का न्हाई?" काका म्हणाले, "अगं, आपला कोयता एकच हाय की." "मग उद्यापून तुमीच तोडा अन् तुमीच मोळ्या बांधा. मी कावून येऊ?" बाया खो-खो हसल्या. मी मात्र चकित झालो. इतकं वाचूनही हा प्रश्न मला कसा पडला नव्हता? मी नवा कागद घेतला आणि माणशी एक ओळ आखली. पहिला अंगठा तिने उठवला, मग स्वतःचं नाव कुठं आहे ते विचारून त्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्या निवेदनाला उत्तर आलं नाही. आज नव्या आमदारांसाठी तेच पुन्हा लिहिलं. ओळी मोजल्या, तर माणसांपेक्षा एक जास्त झाली होती, चुलतीची. ती मी खोडली नाही.