आखनच्या कोर्टात सासरे

आमच्या सासऱ्यांइतका निःपक्षपाती माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि असा माणूस घरात राहायला आला की काय होतं हे अनुभवल्यापासून दुसरा पाहायची इच्छाही उरलेली नाही. त्यांची सगळी नोकरी न्यायखात्यात गेली. तालुक्याच्या कोर्टात कनिष्ठ न्यायाधीश म्हणून लागले, दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधत गावं बदलली आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तेवढ्या काळात त्यांनी कुणाच्या घरी चहा घेतला नाही, कुणाच्या लग्नात जेवले नाहीत, शेजाऱ्याने पाठवलेली फणसाची भाजीसुद्धा आभार मानून परत केली. आज भाजी पाठवणारा उद्या कोर्टात समोर उभा राहील, ही धास्ती. परिणामी निम्म्या महाराष्ट्रात त्यांना लोक ओळखत होते आणि मित्र मात्र एकही नव्हता.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार पंधरा साली, आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी जर्मनीतल्या आखनला आणलं. मी तिथल्या एका संशोधन संस्थेत इंजिनांवर काम करत होतो. घरात माझं आणि बायकोचं एकच जुनं भांडण होतं, खिडकीचं. थंडीतही रोज खिडक्या सताड उघडून घर हवेशीर ठेवायचं हा जर्मन धर्म तिने मनोभावे स्वीकारला होता आणि मला हुडहुडी भरायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वाद त्यांच्यापुढे नेला. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या, मला दोन उलट प्रश्नही विचारले आणि मग म्हणाले, "एक पक्ष माझी मुलगी आहे. हे प्रकरण मी चालवू शकत नाही."

"बाबा," बायको कळवळून म्हणाली, "निदान खिडकीपुरते तरी बाप व्हा हो!"

आम्ही दोघं कामावर गेल्यावर हा माणूस दिवसभर करणार काय, ही काळजी होती. ती त्यांनीच मिटवली. फिरता फिरता त्यांना कोर्टाची इमारत सापडली, आणि खटले पाहायला कुणालाही मोकळेपणी बसता येतं हे कळलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून काळा कोट, पॉलिश केलेले बूट आणि डब्यात पोळीभाजी असे ते रोज कोर्टात हजर. जर्मनचा एक शब्द येत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "भाषा कशाला हवी? खोटं बोलणाऱ्याला कुठल्याही देशात तहान लागते. पाणी कोण मागतंय ते बघायचं." संध्याकाळी जेवताना ते त्या दिवसाच्या खटल्याचा अंदाज सांगत. एका दरोड्यातल्या तरुण आरोपीला त्यांनी दोन दिवस निर्दोष ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने भर कोर्टात गुन्हा कबूल केला. "वकिलाने घाबरवलं असेल," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. साधे नागरिक न्यायाधीशांच्या शेजारी बसून निकालात भाग घेतात, हे मात्र त्यांना पचेना. "त्यातली एक बाई बेकरी चालवते म्हणे! उद्या पावाच्या भेसळीची केस आली तर?"

एके दिवशी मला संस्थेत फोन आला. कोर्टातून. मी सायकल दामटत पोचलो, तर सासरे बाकावर ताठ बसलेले आणि शेजारी गणवेशातला शिपाई. आतून न्यायाधीश आल्या. पन्नाशीच्या, पिकलेले आखूड केस, अंगात काळा झगा. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "हे गृहस्थ रोज येतात आणि साक्षीदारांकडे असे रोखून बघतात की एका साक्षीदाराने आज बोलायलाच नकार दिला. हे कुणाचे नातेवाईक?"

"माझे," मी म्हणालो. "हे न्यायाधीश आहेत. म्हणजे, होते."

बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मोठ्याने हसल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! तरीच! मला रोज वाटायचं, मागून कुणीतरी आपलं काम तपासतंय."

त्या दिवसापासून दोघांची ओळख झाली. सासरे मागच्या रांगेत बसू लागले आणि निकाल लागला की त्या कॉरिडॉरमध्ये थांबून त्यांना कारणं सांगू लागल्या. त्यांच्या कॉफीला सासरे पहिल्यांदा नको म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "इथे माझ्यापुढे कुणाचंच प्रकरण नाही," आणि दोन कप प्याले.

त्यांच्या परतीच्या आठवड्यात बाईंची देशाच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टावर निवड झाल्याचं कळलं. सासऱ्यांनी मला रजा टाकायला लावली आणि आम्ही दोघं अभिनंदनाला गेलो. निवड कशी होते, हे त्यांनी बारकाईने विचारलं. मंत्री आणि खासदारांची समिती असते, मतदान होतं, असं बाईंनी सांगितलं.

"नाव अडकतं का कधी?" सासऱ्यांनी विचारलं.

"आल्झो... म्हणजे, अडकतं. काहींचं तर वर्षानुवर्षं."

सासऱ्यांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, "आनंद आहे. पण तिथे साक्षीदार नसतात. नुसत्या फाइली. माणसं दिसणार नाहीत आता."

"फाइल नीट वाचा," सासरे म्हणाले. "कुणीतरी तिच्या उत्तराची वाट बघत असतं." मग उठून, कोटाची बटणं लावून त्यांनी भारतातल्या तमाम जिल्हा न्यायाधीशांतर्फे बाईंचं अभिनंदन केलं. तो अधिकार त्यांना कुणी दिला होता, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

घरी परतताना बसच्या बाहेर पाऊस लागला होता. सासरे काचेकडे बघतच म्हणाले, "जावईबापू, माझंही नाव गेलं होतं. हायकोर्टासाठी."

मला हे ठाऊक नव्हतं. बायकोलाही नव्हतं.

"पुढे?"

"पुढे काही नाही. आज येईल, उद्या येईल, असं करत निवृत्तीचा दिवस आला. मी कुणाला विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही. पण हिने, तुमच्या सासूबाईंनी, शपथविधीला नेसायला साडी घेऊन ठेवली होती. मला न सांगता. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ही नवी कोरी रेशमी साडी नेसून हातात पिशवी घेऊन निघालेली. मी म्हटलं, अगं, आज काय आहे? तर म्हणाली, काही नाही, मंगळवारचा बाजार आहे."

ते हसायला लागले. इतके हसले की पुढची म्हातारी जर्मन बाई वळून बघू लागली. मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"अंजिरी रंग होता. फार सुंदर दिसत होती हो. मी तेव्हा म्हणालो नाही."

आमचा थांबा आला. मी बस थांबवायचं बटण दाबलं नाही.