भाकरीचं ताट पुढे देणारे आमचे पाळकसाहेब

आमच्या पाळकसाहेबांनी भर चर्चमध्ये एका माणसाच्या कानाखाली मारली होती.

आज पहाटे साहेब गेले.

गेलेल्या माणसाच्या पोस्टमध्ये असलं लिहायचं नसतं, कळतं मला. पण हे वगळलं तर मी दुसऱ्याच कुणाबद्दल तरी लिहितेय असं होईल.

आणि खरं सांगू? रडू अजून आलेलंच नाही. नुसती भीती वाटतेय.

कारण या रविवारी माझं हस्तारोपण आहे. म्हणजे पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि त्या दिवसापासून मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते. तो हात साहेबांचा असणार होता.

मी शाळेत भूगोल शिकवते. नववीचा वर्ग आवरताना माझ्या नाकी नऊ येतात, तिथं अख्खी मंडळी?

साहेब मूळचे नेसरीकडचे. आवाज असा, की माईक बंद पडला तरी रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला उपदेश ऐकू जायचा. कुणी आजारी पडलं की उशाशी साहेब. मयताला सगळ्यांच्या आधी साहेब.

आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्या दिवशी ख्रिसमसच्या गाण्यांची प्रॅक्टिस होती. आमचे तबलजी डॅनियलदादा कुरुंदवाडहून येतात, त्यांना उशीर झाला. साहेब बोलले. दादांनी उलट उत्तर दिलं.

साहेबांचा हात उठला.

पेटीवाल्यानं पुढचं गाणं सुरू केलं आणि सगळे गायला लागले. खरंच गायला लागले!

माझ्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, हे बरं न्हाई केलं तुम्ही."

मागून एक मावशी म्हणाल्या, "गप की गं. साहेबांचा राग म्हंजे बापाचा राग."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता माझी पाळी. पण ते तसेच बाहेर निघून गेले.

पुढच्या मीटिंगला ते स्वतःच म्हणाले, "मला शिस्तीखाली ठेवा."

आमच्यात एखाद्याच्या हातून मोठी चूक झाली, तर मंडळी परत बोलवेपर्यंत त्याला प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायची, भाकर घेता येत नाही. पण हा नियम तुमच्या-आमच्यासाठी. पाळकाला कधी कुणी लावला नव्हता.

सगळे हादरले. "साहेब, लोक हसतील की."

एकजण म्हणाले, "शास्त्रातले मोठमोठे राजे चुकले, तरी देवानं वापरलंच की त्यास्नी."

साहेब म्हणाले, "वापरलं. पण आधी रडवलं. तेवढं बरं इसरता तुम्ही."

मग प्रभुभोजनाच्या रविवारी बाहेरून दुसरे पाळक आले आणि आमचे साहेब शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले.

भाकरीचं ताट बाकाबाकावरून हातोहात येतं. साहेबांनी ते घेतलं आणि स्वतः काही न उचलता माझ्या हातात दिलं. मला बाप्तिस्मा देणारा माणूस शेजारी उपाशी बसलाय आणि मी खातेय. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

असं पुष्कळ महिने चाललं.

मधल्या काळात साहेब एसटीनं कुरुंदवाडला जायचे. पहिल्या खेपेला डॅनियलदादा म्हणाले, "पावणं, च्या घ्या आन् जावा."

स्वतःच्या पाळकाला पावणं! साहेब चहा पिऊन परत आले. पुन्हा गेले. पुन्हा चहा.

शेवटी एका रविवारी दादाच येऊन मागच्या बाकावर बसले. ताट आलं तसं त्यांनी साहेबांपुढं धरलं.

"घ्या साहेब. लई दिस झालं."

साहेबांनी भाकर घेतली आणि लहान पोरासारखे रडले.

त्यानंतर मंडळीनं त्यांना परत व्यासपीठावर बोलावलं. पण उपदेशात आवाज चढला, की दादांनी तबल्यावर एक थाप द्यायची, असं साहेबांनीच ठरवून घेतलं होतं. थाप पडली की साहेब थांबायचे, पाणी प्यायचे. मंडळी हसायची. साहेबसुद्धा.

हस्तारोपणासाठी माझं नाव पुढं आलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मी लायक न्हाई, साहेब."

"व्हय, न्हाईसच. मी तरी कुठं हुतो?" मग म्हणाले, "मी मारलं त्याचं भ्या मला नंतर वाटलं. आधी वाटलं ते सगळी गात हुती त्याचं. तू तेवढी गात न्हवतीस."

काल संध्याकाळी मी साहेबांना बघायला हॉस्पिटलमध्ये गेले होते. तो आवाज पार गेला होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"भ्या वाटतंय गं."

मला वाटलं मरणाचं. म्हणून मी काहीतरी धीराचं बोलायला गेले.

"तसं न्हवं. डॅनियलनं माफ केलं. पण वरचा इचारंल की, मेंढरं राखाया दिलती का माराया?"

काय करावं सुचेना, म्हणून मी माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

म्हटलं, "माफ झालंय, साहेब."

हे सांगणारी मी कोण? मला अधिकार कुणी दिला? माझं मलाच भ्या वाटलं.

साहेब म्हणाले, "परत म्हण."

परत म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मनगट सोडलं नाही.

उद्या दुपारी माती आहे. ओळखणाऱ्यांनी या.

रविवारी मी उभी राहणार आहे, साहेब. भीती आहे तेवढीच आहे.

पुनरुत्थानाच्या सकाळी भेटू. तोवर सलाम.